आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

गेमिंग पीसी चार तऱ्हांनी बंद पडतो, आणि निदानाची सुरुवात ती तऱ्हा ओळखण्यापासून होते. पहिल्या तऱ्हेत गेम तेवढा उडतो. डेस्कटॉप आणि त्यावरचे ‘प्रोजेक्ट फायनल’ नावाचे कधीही न उघडलेले फोल्डर शाबूत राहतात. दुसऱ्या तऱ्हेत निळा पडदा येतो. तिसऱ्या तऱ्हेत चित्र जागच्या जागी गोठते आणि बंदुकीचा अर्धा आवाज स्पीकरमधून अखंड गळत राहतो. चौथ्या तऱ्हेत दिवे, पंखे, चित्र सगळे एकदम जाते आणि खोलीत ऐकू येतो तो फक्त मालकाचा आवाज. तो छापण्याजोगा नसतो. या तऱ्हांची कारणे निरनिराळी असतात, पण दुकानात मालक चारींसाठी एकच वाक्य वापरतो: ‘अचानक बंद पडतो.’ आगाऊ कळवून बंद पडणारा पीसी अजून बाजारात आलेला नाही.

निदानाच्या आधी निकाल लागतो, हा या दुखण्याचा विशेष. घरातला प्रत्येक जण, ज्याच्यावर आधीपासून राग आहे त्यालाच दोषी ठरवतो. वडिलांच्या मते दोष गेमचा. आईच्या मते रात्रभर चालू ठेवल्याचा. मित्राच्या मते दोष त्या कंपनीचा, जिचे कार्ड त्याने स्वतः घेतलेले नाही. दुकानदाराच्या मते दोष त्या भागाचा, ज्याची वॉरंटी मागच्याच महिन्यात संपली. चौघांचे एकमत फक्त एका उपायावर होते: ‘फॉरमॅट मारून बघ.’ फॉरमॅट मारल्याने सॉफ्टवेअरचा दोष जातो हे खरे. पण सैल बसलेली पिन विंडोज नव्याने टाकल्याने घट्ट होत नाही. उलट जुन्या नोंदी पुसल्या जातात. चोरी झालेल्या खोलीत पंचनाम्याआधी केर काढावा, तसा हा प्रकार.

नोंदी असतात इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. तिथे लाल खुणेसह ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले की मालकाला गुन्हेगार सापडल्याचा आनंद होतो. नोंद उघडल्यावर कळते ते एवढेच, की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला; तो हँग झाला असेल, कोसळला असेल किंवा वीज गेली असेल. मालकाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट यंत्राने क्रमांक घालून परत दिली. तरी नोंद टाकाऊ नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ ही ओळ असते. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही, म्हणून संशय वीजपुरवठ्यावर किंवा पुरत्या हँगवर जातो. शून्य नसेल तर निळा पडदा आला होता. हा पडदा २०१२ च्या विंडोज ८ पासून रडका चेहरा दाखवू लागला आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो निळ्याचा काळा केला. दुखण्यात त्याने काही फरक पडला नाही. त्यावरचे नाव मात्र उतरवून घ्यावे. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक कार्डाने ठरल्या वेळेत, एरवी दोन सेकंदांत, उत्तर दिले नाही आणि त्याला शुद्धीवर आणण्याचा प्रयत्नही फसला. ‘मेमरी मॅनेजमेंट’चा रोख रॅमकडे दिसतो. दिसतो एवढेच. पडद्यावर नाव येते ते चूक ज्याच्या हातात फुटली त्याचे. करणारा वेगळाच असू शकतो. ही मेख न ओळखता केलेल्या खरेदीने लॅमिंग्टन रोडच्या आणि तपकीर गल्लीच्या दुकानदारांचे पुष्कळ भले केले आहे.

तपासणी कॅबिनेटच्या बाहेरून आत करावी. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याची खुमखुमी दांडगी असल्याने बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. टेबलाखाली, चपलांच्या खोक्यामागे, एक यूपीएस असतो. तो बहुधा आधीच्या पीसीबरोबर घेतलेला, ६०० व्हीएचा. व्हीएचा आकडा मोठा दिसतो म्हणून खोक्यावर तोच ठळक छापतात. प्रत्यक्षात असा यूपीएस साधारण ३६० वॅट पुरवतो. त्यावर एकटे २२० वॅट खाणारे ग्राफिक कार्ड, शंभरीपार गेलेला प्रोसेसर, मॉनिटर आणि कोणीतरी तिथेच खुपसलेला मोबाइलचा चार्जर. वीज सुरळीत आहे तोवर हे खपून जाते, कारण तेव्हा घरगुती यूपीएस भिंतीतली वीज जवळजवळ जशीच्या तशी पुढे ढकलतो. मग जुन्या वायरिंगवर मिक्सर किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो, व्होल्टेज क्षणभर खाली येते, यूपीएस बॅटरीवर जातो आणि समोरचा भार पाहून हात वर करतो. घरात हे निरीक्षण असे नोंदले जाते, की बॉस अर्धा मेला की नेमकी आई इडलीचे पीठ वाटायला घेते. याला योगायोग समजून वाद घालण्यापेक्षा निदान समजावे. पीसी एक दिवस थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून पाहिला की प्रश्न फुकटात सुटतो किंवा निदान यूपीएस तरी सुटतो. पण यूपीएस आणलेला असतो रक्षणासाठी, आणि राखणदारावर संशय घेणे लोकांना बरे वाटत नाही.

सॉकेटला तिसरे भोक असते. त्यामागे तार असतेच असे नाही. पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. करंट एक मिलिअँपिअरच्याही आतला, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात आणि माणूस दचकतो. घरची मंडळी याला ‘थोडा करंट मारतो’ म्हणतात आणि चप्पल घालून खेळतात. दर वेळी यानेच पीसी बसतो असे नाही, पण हेडफोनमधली खरखर आणि मधूनच नाहीसा होणारा माउस यांचे मूळ इथे असू शकते. हे काम इलेक्ट्रिशियनचे. चप्पल हा त्यावरचा उपाय नव्हे.

त्यानंतर उष्णता. हिची बदनामी गरजेपेक्षा जास्त झालेली आहे. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे, आणि दोन्ही आधी वेग कमी करतात. बंद पडणे ही शेवटची पायरी. तेव्हा ८० अंश दिसताच कॅबिनेटसमोर टेबलफॅन लावण्याचे कारण नाही. गेम सुरू करताच दोन मिनिटांत शंभरी गाठली जात असेल तर मात्र कूलर उघडावा. नव्या पीसीत त्याच्या तळाशी पारदर्शक फिल्म सापडते, आणि तिच्यावर ‘बसवण्यापूर्वी काढा’ असे इंग्रजीत लिहिलेले असते. पेस्ट फिल्मवर निगुतीने पसरलेली असते.

रॅमशी सावकाश वागावे लागते. वायर काढून, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी आणि स्लॉटच्या टोकाची खिटी दाबावी. पट्टी किंचित वर येते. खालच्या सोनेरी दातांवर बोटांचे ठसे आणि करड्या धुळीची एक रेघ दिसते. या टप्प्यावर आपल्याकडचा तंत्रज्ञ खिशातून खोडरबर काढतो आणि दात घासतो. फार घासल्यास मुलामाच निघतो, पण पुष्कळदा गुण येतो. गुण रबराचा किती आणि पट्टी काढून पुन्हा बसवल्याचा किती, हे सांगणे कठीण, कारण नुसते काढून बसवण्यातही दातांवरचा थर खरवडला जातो. पण नुसती काढून बसवली म्हणून दोनशे रुपये मागता येत नाहीत. खोडरबर वापरल्यावर मागता येतात. बसवताना दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून, मदरबोर्ड वाकतो की काय असे वाटेपर्यंत दाबावे लागते, तेव्हा कुठे खिटी टक् करते.

पट्टी घट्ट असूनही त्रास असेल तर बायोसमध्ये जावे. खोक्यावर ६००० छापलेली डीडीआर५ रॅम एक्सएमपी किंवा एक्स्पो हे तिथले सेटिंग चालू करेपर्यंत बहुधा ४८०० वर धावते. तो वरचा वेग म्हणजे कंपनीच्या संमतीने केलेले ओव्हरक्लॉकिंगच असते, आणि प्रत्येक प्रोसेसरला ते झेपतेच असे नाही. ते दोन दिवस बंद ठेवून पाहणे ही सोपी परीक्षा. पण पैसे ६००० चे मोजलेले असल्याने मालक तिला तात्त्विक विरोध करतो. दुसरी परीक्षा मेमटेस्ट८६ ची. ते पेन ड्राइव्हवरून विंडोजशिवाय सुरू होते आणि रात्रभर चालवायचे असते. एकसुद्धा चूक निघाली तर निकाल नापास. इथे ग्रेस मार्क नाहीत.

एक बिट किती महाग पडतो हे २००३ साली बेल्जियममध्ये दिसले. ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात एका उमेदवाराला यंत्राने नेमकी ४०९६ मते जादा दिली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात एकच बिट उलटला होता. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही आणि संशय अवकाशातून आलेल्या वैश्विक किरणावर गेला. अंतराळातून मते आणण्याइतके कार्यकर्ते त्या उमेदवाराकडे नव्हते. मात्र रोज संध्याकाळी बसणाऱ्या पीसीसाठी ही सबब चालत नाही.

एसएमपीएस हा पीसीतला बिनकौतुकाचा भाग. त्याला रंगीत दिवे नसतात, काचेतून तो दिसत नाही, म्हणून बाकी सगळे घेऊन झाल्यावर जे पैसे उरतात त्यांत तो येतो. त्यावरचे ‘८० प्लस गोल्ड’ वीज किती वाया जात नाही ते सांगते. आतला माल किती टिकेल ते सांगत नाही. शिवाय आजची कार्डे सरासरी वॅट ठरल्याएवढेच घेत असली तरी मधूनच क्षणाच्या अंशापुरता दुप्पट घास मागतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार सोसण्याची अट आली. जुना एसएमपीएस तेवढ्यात घाबरून स्वतःला बंद करून घेतो, आणि चौथी तऱ्हा जन्माला येते. हे पकडणारे खात्रीचे सॉफ्टवेअर नाही. दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हाच मार्ग. तो मित्राकडून आणताना त्याच्या वायरीही त्याच्याच आणाव्यात. सुट्या वायरींची टोके सारखी दिसली तरी पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, आणि चुकीच्या वायरीने एसएसडी आणि मैत्री दोन्ही जळतात.

ग्राफिक कार्डाला दोन जोडण्या असतील तर दोन स्वतंत्र वायरी द्याव्यात. २०२२ साली आरटीएक्स ४०९० च्या नव्या जोडण्या वितळल्या, तेव्हा एनव्हिडियाने पुरते आत न बसलेले टोक हे मुख्य कारण सांगितले. कार्ड लढाईतच दमते असेही नाही. जुलै २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणीत काही आरटीएक्स ३०९० कार्डे मेनूच्या पडद्यावर गतप्राण झाली. फ्रेमना मर्यादा नव्हती आणि रिकामटेकडा मेनू कार्डाला जीव तोडून धावायला लावत होता. काही कार्डांच्या सोल्डरिंगमध्येही दोष निघाला. फ्रेमना ६० ची मर्यादा घालून पीसी टिकला, तर कार्ड आणि एसएमपीएस यांपैकी एक जण बहुधा गुंतलेला असतो.

प्रोसेसरवर सहसा कोणी संशय घेत नाही, आणि अनेक वर्षे ते बरोबरही होते. मग इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर आले. २४ जीबी मेमरीचे कार्ड बसवलेल्या पीसीवर गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन मरू लागले. लोकांनी कार्डे बदलली, ड्रायव्हर उपटून पुन्हा टाकले, एसएमपीएस आणले. दोष प्रोसेसरचा होता. जादा व्होल्टेजने तो झिजत होता, गेमचा दाबलेला डेटा उलगडताना चुकत होता आणि बोल कार्डाला बसत होता. लेकी बोले सुने लागे. २०२४ मध्ये इंटेलने ते मान्य केले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती दिली. झिजलेला प्रोसेसर मात्र त्या दुरुस्तीने बरा होत नाही, बदलावाच लागतो. प्रोसेसरची परीक्षा प्राइम९५ ने घेतात. ते मुळात १९९६ पासून चाललेल्या मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी लिहिलेले आहे, त्यामुळे झोंबी मारता येतील का हे ठरवण्यासाठी पीसीला आधी तासभर गणित करावे लागते.

एसएसडीचे आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फो अर्ध्या मिनिटात सांगते. मदरबोर्ड शेवटी येतो, कारण त्याच्याविरुद्ध थेट पुरावा जवळजवळ कधीच मिळत नाही. बाकी सगळे सुटले म्हणून तो अडकतो. एका वेळी एकच गोष्ट बदलणे हा नियम इथे कसोटीला लागतो. उत्साहाच्या भरात रॅम, बायोस आणि वायर एकाच रविवारी बदलणाऱ्याचा पीसी बरा होतो, पण कशाने ते कळत नाही आणि तिन्हींचे पैसे जातात.

उरते सर्व्हिस सेंटर. फॉर्मवर ‘कधीकधी बंद पडतो’ लिहिले तर काउंटरवरचा मुलगा वस्तू एसीच्या गारव्यात, चांगल्या अर्थिंगवर, गेमशिवाय अर्धा तास चालवतो आणि ‘ओके’ असा शेरा मारून परत देतो. म्हणून कोणती चाचणी, किती मिनिटांनी, कोणता संदेश हे लिहून द्यावे, मोबाइलवर व्हिडिओ काढावा, सिरियल नंबरचे स्टिकर खरवडू नये आणि बिल जोडावे. बिल थर्मल कागदावरचे असेल तर त्याचा फोटो खरेदीच्याच दिवशी काढून ठेवावा लागतो, कारण तीन वर्षांच्या वॉरंटीत त्यावरची अक्षरे पहिल्याच उन्हाळ्यात उडतात.