देवीची हक्काची रजा

सरकारी नोकरांच्या रजेचे नियम अत्यंत गहन असतात, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु तुळजापूरच्या भवानीच्या रजेची वहिवाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना किरकोळ रजा, अर्जित रजा आणि वैद्यकीय रजा यांतील भेदाभेद अगदीच बाळबोध वाटतील. बालाघाटाच्या डोंगरात सिंहासनावर अधिष्ठित असलेली ही अष्टभुजा महिषासुरमर्दिनी वर्षातून तीन वेळा आपल्या हुद्द्यावरून उतरते आणि रीतसर निद्रा घेते. मूर्ती चल असल्यामुळे तिला उचलून पलंगावर निजवता येते; जागेला खिळलेल्या अचल देवांच्या नशिबी ही सवलत नाही. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, कारण पुढे नऊ दिवस असुराशी युद्ध आहे. दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपल्यावर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, कारण युद्ध झालेले आहे. आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा, जिचे कारण तिच्या नावातच आल्याने पुढे कोणी चौकशी करू नये. कामापूर्वी रजा, कामानंतर रजा आणि मनात आले म्हणूनही रजा, अशी तरतूद कोणत्याही सरकारच्या दप्तरात सापडणार नाही.

बरे, या रजेची व्यवस्थाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती नाही. श्रमनिद्रेचा पलंग तुळजापुरात घडत नाही. तो पुणे जिल्ह्यातील घोडेगावी तयार होतो, जुन्नरवरून नगरला येतो आणि तेथून मजल दरमजल करीत तुळजापुरास पोहोचतो. पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून. दसऱ्याच्या पहाटे देवीला लुगड्यांवर लुगडी गुंडाळून पालखीत बसवतात, मंदिराभोवती प्रदक्षिणा होते आणि मग स्वारी पलंगावर विसावते. सुतारापासून खांदेकऱ्यापर्यंत प्रत्येकाचा मान ठरलेला आहे आणि तो मान पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे; एका जगन्मातेला पाच दिवस स्वस्थ झोप लागावी म्हणून दोन-तीन जिल्हे कामास लागतात, यात मला तरी काही अतिरेक वाटत नाही. गादीचा कापूस मात्र गावच्या आराधी स्त्रिया पिंजतात. रजा कोणाचीही असो, गादी बायकांनीच तयार करायची, हे सूत्र येथेही अबाधित आहे, एवढे नम्रपणे नोंदवून पुढे जातो.

कारण खरा चमत्कार तुळजापुरात नसून आपल्या घराघरांत आहे. घोरनिद्रेतून उठून देवी ज्या दिवशी सिंहासनावर रुजू होते, त्याच दिवशी आपल्या देवघरात घट बसतो: पत्रावळीवर काळी माती, तीत धान्य, वर कलश, कलशावर चढती माळ आणि शेजारी अखंड नंदादीप. हा दीप ‘अखंड’ असल्याचे घरातील कर्ता पुरुष पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु रात्री तीन वाजता त्यात तेल कोण घालते, या प्रश्नावर तो असा विस्मयचकित होतो की, जणू वात आपल्या पुण्याईवरच जळत असावी. तो स्वतः उपवास करतो, नाही असे नाही. पण त्याचा उपवास ‘उठता-बसता’, म्हणजे पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी. मधल्या दिवसांत त्याला पोळीभाजी लागते आणि घरातील उपासकऱ्यांना भगर, शेंगदाण्याची आमटी व साबुदाण्याची खिचडी. (साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो दक्षिण अमेरिकेतून आलेला, पण आपल्या धर्मशास्त्राने परदेशी पाहुण्याला इतक्या तत्परतेने पवित्र करून घेतल्याचे दुसरे उदाहरण मिरचीखेरीज मला आठवत नाही.) एका घरात अशा दोन चुली चालवून, अष्टमीला कडाकण्या तळून, फुलोरा बांधून, कुमारिकेचे पाय धुऊन, सवाष्ण जेवू घालून जी स्त्री शेवटी ताटावर बसते, तिला उद्देशून आपण ‘घरची लक्ष्मी’ असे म्हणतो आणि आणखी थोडी आमटी मागतो.

या सर्वांत काही न्यून राहू नये म्हणून अलीकडे वृत्तपत्रांनी नऊ रंगांचे फर्मान काढले आहे. त्याला पुराणाचा आधार शोधण्याची तसदी कोणी घेऊ नये. आधार आहे तो वाराचा. सोमवारी पांढरा, मंगळवारी तांबडा, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा आणि रविवारी नारिंगी. कचेरीतील समस्त भगिनी एका रंगाच्या साड्या नेसून जिन्यावर उभ्या राहतात, छायाचित्र निघते, साहेब मध्यभागी उभे राहून ‘स्त्रीशक्ती’ या विषयावर दोन शब्द बोलतात आणि नंतर त्याच शक्तीला बाकी राहिलेल्या फायली संध्याकाळपर्यंत उरकण्याविषयी सूचना करतात. संध्याकाळी तीच शक्ती लोकलमध्ये उभी राहून, करड्या साडीचे निऱ्यांसकट पोतेरे झालेले पाहत, घरी पोहोचून दिव्यात तेल घालायचे आहे, हे आठवते. तिने अर्ज करावा तर कोणत्या रजेसाठी? घोरनिद्रेचा नमुना छापलेला नाही, श्रमनिद्रेस वरिष्ठांची शिफारस लागेल, आणि मोहनिद्रा म्हटले तर सासूबाईंपासून साहेबांपर्यंत सगळेच भुवया उंचावतील.

आपण देवीचे अनुकरण करावे, असे प्रवचनकार दरवर्षी स्त्रियांना बजावतात: तिच्यासारखे शूर व्हावे, तिच्यासारखे क्षमाशील व्हावे. तिच्यासारखे निजावे, असे सांगणारा प्रवचनकार अजून व्यासपीठावर यायचा आहे. आणि कुळाचाराच्या बाबतीत कमालीचे काटेकोर असलेले आपले लोक नेमका हाच एक आचार घरी आणायला विसरले, हा विसर मला निष्पाप वाटत नाही.

तेव्हा समस्त कर्त्या पुरुषांना विनंती अशी की, यंदा दसऱ्याचे सोने वाटून झाले की एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरात श्रमनिद्रेची मुदत जाहीर करावी. स्वयंपाकाचा ताबा स्वतःकडे घ्यावा. कोजागरीचे दूधही स्वतःच आटवावे. ते उतू जाऊ न देणे हे काम महिषासुराच्या वधाहून फारसे सोपे नाही, याचा अनुभव प्रत्येकाने एकदा घेणे इष्ट आहे. पलंग घोडेगावचाच हवा, असा आग्रह नाही. घरात आहे तो चालेल. मात्र त्यावर घड्या घालण्यासाठी टाकलेला कपड्यांचा ढीग आधी उचलावा, आणि घड्या स्वतः घालाव्यात.