पत्त्यांतला जमीनजुमला

“मामा, या टर्नची जमीन टाकलीत का?” बारावीतल्या भाच्याने हे विचारलं तेव्हा प्रस्तुत लेखक दचकला. कोकणात त्याच्या नावावर सामाईक साडेतीन गुंठे आहेत. सातबाऱ्यावर आणखी सतरा नावं आहेत, त्यातली चार कैलासवासी आहेत, आणि मतभेदात तीच सर्वांत पुढे आहेत. इथे मात्र हातातलं पान टेबलावर ठेवलं की जमीन तुमची. तलाठी नाही, फेरफार नाही, हरकतीची मुदत नाही. दर पाळीला एक, तीही फुकट. असा खेळ आवडणार नाही तो मराठी माणूस कसला?

खेळाचं नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. तेव्हापासून वीस हजारांहून अधिक वेगवेगळी पानं छापून झाली आहेत. खेळणारा प्रत्येक जण जादूगार. वीस गुणांचं आयुष्य घेऊन बसायचं आणि समोरच्याचं शून्यावर आणायचं. मंत्र टाकायला, राक्षस बोलवायला ‘मॅना’ लागतो, आणि तो पिकतो जमिनीत. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य अशा पाच साध्या जमिनी; पान आडवं केलं की एक मॅना. साठ पानांच्या डेकमध्ये साधारण चोवीस जमिनी ठेवतात. त्या हातात आल्याच नाहीत तर त्याला ‘मॅना स्क्रू’ म्हणतात, नुसत्या त्याच आल्या तर ‘मॅना फ्लड’. कोरडा दुष्काळ आणि ओला दुष्काळ हे दोन्ही शब्द ज्याच्या भाषेत आधीपासून आहेत, त्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

या खेळातल्या उत्तम ड्रॅगनांच्या याद्या पुष्कळ निघतात. ड्रॅगन कुणीही लावील क्रमाने. जमिनींची प्रतवारी करायला मात्र पिढीजात अनुभव हवा. म्हणून एका रविवारी मामा-भाचे कागद घेऊन बसले. भाच्याचा निकष होता स्पर्धेतली कामगिरी. लेखकाचा निकष वेगळा होता: हे पान गावात कुणाच्या मालकीचं असतं, तर लोक त्याच्याशी कसे वागले असते?

सर्वांत खालच्या क्रमांकावर वाद झाला नाही. ‘सॉरोज् पाथ’, १९९४ च्या ‘द डार्क’ संचातली जमीन. हिच्यातून मॅना निघत नाही. समोरच्याची दोन प्यादी आपल्याला अडवत असतील, तर त्यांची अडवण्याची जागा आपापसात बदलता येते, तीही काही अटी पूर्ण झाल्या तर. आणि पान आडवं केलं की दर वेळी स्वतःला दोन गुणांची इजा, आपल्या प्रत्येक प्याद्यालाही दोन. पीक नाही, वाट दुसऱ्याच्या शेतातून, आणि वापरली की मालकालाच मार. लेखकाला ही जमीन ओळखीची वाटली. असले प्लॉट जाहिरातीत ‘निसर्गरम्य’ असतात.

त्यावर सरळ उडी मारावी लागते ती ‘ड्युअल लँड’पर्यंत. एका पानात दोन जमिनी: बेटही आणि दलदलही, किंवा डोंगरही आणि अरण्यही. पाचांच्या जोड्या लावल्या की दहा होतात, हे गणितज्ञाला कुणी सांगायला नको. पण पहिल्या आवृत्तीत नऊच छापल्या गेल्या. बेट आणि डोंगराची ‘व्होल्कॅनिक आयलंड’ चुकून राहून गेली आणि पुढच्या छपाईत अवतरली. म्हणजे मोजणीतली चूक जगभर होते. १९९४ नंतर या दहा जमिनी पुन्हा छापल्या नाहीत, कारण जुनी दुर्मीळ पानं पुन्हा छापायची नाहीत असा शब्द कंपनीने १९९६ साली दिला. भाव कुठे गेले असतील ते सांगायला नको. ‘यापुढे नवीन भूखंड नाहीत’ असं लेखी मिळाल्यावर काय होतं ते आपण जाणतोच. २०२२ साली खेळाच्या तिसाव्या वर्षाचं निमित्त करून कंपनीने जुनी पानं काढली खरी, पण पाठीवरचं चित्र वेगळं आणि अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत ही अट. साठ पानांचे ९९९ डॉलर. आपल्याकडे याला ताब्याविना साठेखत म्हणतात.

ड्युअलच्या जोडीला ‘फेच लँड’ हव्यातच. २००२ सालच्या ‘ऑनस्लॉट’ संचात पाच आल्या, २००९ मध्ये आणखी पाच. फेच लँड स्वतः काहीच पिकवत नाही. ती तुमच्या आयुष्याचा एक गुण घेते, गठ्ठ्यातून हवी ती जमीन शोधून आणते आणि आपण नाहीशी होते. हा एजंट आहे. कमिशन आधी, काम चोख, व्यवहार झाला की फोन बंद. गंमत अशी की ‘बेट किंवा दलदल आणते’ असं जिच्यावर लिहिलंय, ती बेट-अरण्याची ड्युअलही आणते, कारण ड्युअलच्या कागदावर ‘बेट’ हा शब्द असतो. नियमाचा अर्थ शब्दावरून लावायचा की हेतूवरून, हा प्रश्न या खेळात कधीच निकाली निघाला आहे: शब्दावरून. भाच्याने फेच लँडना पहिला क्रमांक द्यायचा हट्ट धरला. लेखकाने एजंटला पहिला नंबर द्यायला साफ नकार दिला.

‘द टॅबरनॅकल ॲट पेंड्रेल व्हेल’ हे नाव एका श्वासात म्हणता आलं की ही जमीन अर्धी कळली. १९९४ च्या ‘लेजेंड्स’ संचातली ही जमीनही दाणाभर मॅना देत नाही. पण ती टेबलावर असेपर्यंत प्रत्येक प्याद्यामागे, मग ते कुणाचंही असो, दर पाळीला एक मॅना भरावा लागतो. नाही भरला तर प्यादं मेलं. हाउसिंग सोसायटीचा मेंटेनन्स याहून नेमका कुणी पानावर उतरवलेला नाही. ज्याच्याकडे प्यादीच नाहीत, म्हणजे ज्याचा फ्लॅटच नाही, तोच ही जमीन आणतो आणि इतरांची देणी बघत बसतो. लेखकाने हिला वरच्या पाचांत घेतलं. त्यामागे काही वैयक्तिक हिशेब आहेत.

‘अरेबियन नाइट्स’ हा संच १९९३ च्या अखेरीस आला. त्यातलं ‘लायब्ररी ऑफ अलेक्झांड्रिया’ जादा पान ओढू देतं, पण हातात बरोबर सात पानं असतील तरच. आठ असली तर नाही, सहा असली तर नाही. खिडकीवर नेमकी कागदपत्रं मागणाऱ्या कुठल्याही कारकुनाला हे पान आवडेल. त्याच संचातला ‘बझार ऑफ बगदाद’ याहून विचित्र: दोन पानं ओढा, तीन फेका. दर फेरीला एकाचा तोटा. वर्षानुवर्षं हा घाट्याचा धंदा होता, आणि मग २००५ साली ‘ड्रेज’ नावाची करामत आली, तिच्यात फेकलेली पानंच भांडवल ठरली. भंगारवाल्याच्या गोदामाची रिअल इस्टेट झाली. आता बझारवर चालणारी डेक खेळणारे लोक सुरुवातीचा हात एवढ्यासाठीच बदलत राहतात, की त्यात बझार येईपर्यंत बाकीच्या पानांकडे बघण्यात अर्थ नसतो.

‘डार्क डेप्थ्स’ची गोष्ट भाच्याने सांगितली आणि ती त्यालाच सांगू द्यावी अशी आहे. २००६ सालची ही जमीन बर्फाचे दहा खडे घेऊन येते. एक खडा काढायला तीन मॅना. म्हणजे तीस मॅना ओता, मग खालून मारिट लागे ही उडणारी, नष्ट न होणारी, वीस गुणांचा घाव घालणारी महामाया उठते. समोरच्याचं आयुष्यही वीसच! पण तीस मॅना साठेपर्यंत खेळणारे घरी जाऊन जेवून येतील, म्हणून ती धूळ खात पडली. तीन वर्षांनी ‘व्हॅम्पायर हेक्समेज’ आली. दोन मॅनाची ही बाई स्वतःचा बळी देऊन कुठल्याही पानावरचे सगळे खडे एका झटक्यात उचलते. दहाही खडे गेले. वर्षानुवर्षं पडीक असलेल्या माळाशेजारून अचानक महामार्ग जाहीर झाला! २०११ मध्ये ‘मॉडर्न’ नावाचा स्पर्धाप्रकार सुरू झाला तेव्हा या जमिनीवर पहिल्या दिवसापासून बंदी होती.

इथवर यादी रीतसर चालली होती. मग लेखकाच्या लक्षात आलं की उरलेल्या सगळ्या चांगल्या जमिनींवर दोनच नावं आहेत: उर्झा आणि मिश्रा. मिश्रा हे इथे आडनाव नाही. हे दोघे सख्खे भाऊ, १९९४ च्या ‘अँटिक्विटीज’ संचातल्या कथेचे नायक. पोरवयात उत्खनन करताना एका गुहेत त्यांना एक जादूचा खडा सापडला, त्याचे दोन तुकडे झाले, एक याच्याकडे, एक त्याच्याकडे. प्रत्येकाला दुसऱ्याचा हवा होता. पुढे दोघांनी यंत्रांची सैन्यं उभारली, जंगलं तोडली, डोंगर पोखरले, शेवटी उर्झाने असा स्फोट घडवला की जगावर हिमयुग आलं. डार्क डेप्थ्सवरचा बर्फसुद्धा त्याच युगातला. हे वाचल्यावर लेखकाने कागद खाली ठेवला आणि बराच वेळ आपल्या साडेतीन गुंठ्यांचा विचार केला.

वाटण्या बघा. उर्झाकडे खाण, वीजकेंद्र आणि मनोरा. तिन्ही वेगवेगळे असतील तर एकेक मॅना; एकत्र आले की खाण दोन, केंद्र दोन, मनोरा तीन, एकूण सात. एकत्र कुटुंबाचा इतका भक्कम पुरावा ज्याच्या मालकीचा होता, त्यानेच भावाशी युद्ध केलं. मिश्राकडे कार्यशाळा: एका फटक्यात तीन मॅना, पण फक्त यंत्रांसाठी. शुद्ध एमआयडीसी. आणि कारखाना: एक मॅना दिला की ही जमीन स्वतः उठून पाळीपुरती मारामारीला जाते. या कारखान्याची चार चित्रं छापली आहेत, वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. पावसाळा नाही, म्हणजे चित्रकाराने कोकण पाहिलेलं नसावं. उर्झाच्या खात्यावर पुढे १९९८ मध्ये ‘टोलेरियन अकॅडमी’ चढली: टेबलावर जितकी यंत्रं तितका निळा मॅना. त्या हिवाळ्यात डाव इतक्या लवकर संपू लागले की पहिला टर्न म्हणजे उत्तरार्ध असा विनोद खेळाडूंत रूढ झाला, आणि नव्या वर्षाच्या आरंभी अकॅडमीला मुख्य स्पर्धांतून बाहेर काढलं. शिक्षणसंस्था इतकी फायद्यात गेल्यावर चौकशी लागणारच.

भाचा अकॅडमी की बझार, यावर अडला होता. लेखकाचं ठरलं होतं.

पहिला क्रमांक ‘स्ट्रिप माइन’. त्याच अँटिक्विटीज संचातली उघडी खाण. तिचे गुण दोन. आडवी केली की एक साधा मॅना. किंवा, तिचा बळी द्यायचा आणि समोरच्याची कुठलीही एक जमीन नष्ट करायची. माझी गेली तरी चालेल, पण त्याची राहता कामा नये. दोन भावांचं युद्ध, त्यातली यंत्रं, तो स्फोट, लेखकाच्या सातबाऱ्यावरची सतरा नावं आणि दिवाणी न्यायालयाची निम्मी दालनं एवढ्या एका ओळीत मावतात. हिच्यापुढे ड्युअल, लायब्ररी, बझार सगळे सारखेच. वर्षानुवर्षं जपून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं हजारो डॉलरांचं पान एका खाणीच्या बदल्यात जातं. ‘लेगसी’ स्पर्धाप्रकारात तिच्यावर बंदी आहे, ‘व्हिंटेज’मध्ये डेकमागे एकच ठेवता येते. भाच्याने हरकत नोंदवली की हा निकष खेळाचा नाही. हरकत फेटाळण्यात आली.

नव्याने खेळू लागलेल्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. १९९७ साली कंपनीने स्ट्रिप माइनची सौम्य बहीण काढली, ‘वेस्टलँड’. तिची चार पानं ठेवता येतात, म्हणून समोरच्याकडे बहुधा तीच असेल. तिला फक्त विशेष जमिनी उडवता येतात. तेव्हा डेकमध्ये मैदान, बेट, दलदल, डोंगर, अरण्य ही साधी पानं थोडी जास्तच घाला. वेस्टलँड त्यांना हात लावू शकत नाही. स्ट्रिप माइन लावू शकते.