डाअं (४)

इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवताना पेपर कसा धरावा, याचा माझा अभ्यास दांडगा आहे. घडी अशी घालायची की कोड्याचे चौकोन बाहेरच्या बाजूला यावेत, शेजाऱ्याला ते दिसावेत, आणि आपण दाखवतोय असं मात्र वाटू नये. हातात पेन हवं. पेन्सिलवाला खोडरबरासकट पकडला जातो. अधूनमधून खिडकीबाहेर बघायचं, स्वतःशीच किंचित हसायचं आणि भराभर पाच-सात अक्षरं लिहून टाकायची. पुणे-नगर एसटीत शिक्रापूर यायच्या आत शेजारचा विचारतोच, "सर, कॉलेजवर असता का?" तिथून रांजणगावपर्यंत मी विनयाने वागतो.

ती अक्षरं बरोबरच असतात असं नाही. शेजारी फार निरखून बघत असला तर मी सुचतील ती लिहितो. सुप्याच्या पुढे एका पोराने वाकून विचारलं, "काका, क्यूच्या पुढे एक्स?" मी म्हटलं, "लॅटिन." पोरगं नगरपर्यंत गप्प बसलं.

या खेळाच्या वाटेला न गेलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्लूच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात त्याच उत्तराची अक्षरं तोडून, उलटवून, विस्कटून किंवा एकाच्या पोटात दुसरं कोंबून ठेवलेली असतात. आणि वरवर वाचलं तर सगळं वाक्य तिसऱ्याच विषयावर बोलत असतं. आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ला 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं शब्दकोडं छापलं ते बिचारं सरळमार्गी होतं. त्याला वाकड्यात नेलं इंग्रजांनी. १९२६पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी घालणाऱ्या गृहस्थांनी तर टोपणनावच टॉर्केमाडा घेतलं होतं. टॉर्केमाडा म्हणजे स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली माणसं छळणारा न्यायाधीश. हेतू इतक्या उघडपणे सांगणारा लेखक मी दुसरा पाहिला नाही. पुढे १९४४ साली लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत युटा, ओमाहा, मलबेरी, नेपच्यून, ओव्हरलॉर्ड असे नॉर्मंडीच्या चढाईतले गुप्त शब्द एकामागून एक उत्तरं म्हणून आले, आणि कोडी रचणारे लिओनार्ड डॉ नावाचे हेडमास्तर यांच्या दारात गुप्तहेर खात्याची माणसं उभी राहिली. चौकशीत काही निघालं नाही. पण काय तो मान! माझ्या कोड्यांची चौकशी आजवर फक्त रद्दीवाल्याने केली आहे.

उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येतं, आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. न सुटलेलं कोडं माणूस विसरून जाऊ शकतो. पण उत्तर समोर आहे, चौकोनात चपखल बसतंय, आणि तेच उत्तर का, हे कळत नाहीये, ही अवस्था फार वाईट. अशा वेळी मी "अच्छा, अच्छा" असं मोठ्याने म्हणतो. घरात कोणी नसलं तरी म्हणतो.

या खेळातला एक जुना, गाजलेला क्लू आहे. जी, ई, जी, एस. बस्स, एवढाच. पुढे कंसात नऊ आणि चार. उत्तर: स्क्रॅम्बल्ड एग्ज. एका संग्रहात मी क्लू वाचला, मागचं पान उलटून उत्तर वाचलं, "अच्छा, अच्छा" म्हणालो आणि तळमळत राहिलो. उलगडा झाला तो माळीवाडा स्टँडजवळच्या भुर्जीच्या गाडीवर. त्या माणसाने तव्यावर कांदा-मिरची परतली, एका हाताने दोन अंडी फोडून वर सोडली, आणि बलक जरा कुठे गोल बसतोय तोवर उलथन्याची कड उभी धरून टकटकटकटक सुरू केलं. पिवळं पांढऱ्यात, पांढरं मिरचीत, मिरची पिवळ्यात. अंड्याचं अंडेपण जागच्या जागी होतं, फक्त क्रम राहिला नव्हता. ई-जी-जी-एस फोडून विस्कटलं की जी-ई-जी-एस! मी "हात्तिच्या!" असा ओरडलो. भुर्जीवाला म्हणाला, "तिखट लागलं का, साहेब? पाव देऊ?"

त्या रात्री मी या क्लूचा मराठी अवतार केला. 'डाअं' (४). स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला झोपेतून उठवणार होतो. सकाळी तिच्यापुढे कागद ठेवला. ती पोळी लाटत होती. तिने कागदाकडे पाहिलं, पोळी तव्यावर टाकली, उलटली आणि म्हणाली, "अंडाभुर्जी. रात्री करायची का?"

आमच्या घरी मराठी पेपरातलं शब्दकोडं तीच सोडवते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, थेट पेनाने, आणि कोणी बघतंय का हे न बघता. हा शेवटचा मुद्दा मला कधीच समजलेला नाही. मी त्या कोड्यांना नाकं मुरडायचो: 'पाणी' (२), लिहा जल, जमलं नाही तर लिहा नीर. यात बुद्धीचं काय काम? मराठीतही खरं क्रिप्टिक होऊ शकतं हे दाखवून द्यावं म्हणून मी आमच्या जिल्ह्याचे चौदा तालुके घेतले आणि कामाला लागलो. आपल्याकडे चौकोनात अक्षर जातं ते काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे इंग्रजीसारखी चिरफाड चालत नाही. पण तालुक्यांची नावं मदतीला धावून आली. 'फरसाणवाल्याने वसवलेला तालुका' (४): शेवगाव. 'वाहतूक तुंबलेलं खेडं' (४): जामखेड. 'दंड संपतो तिथली वस्ती' (५): कोपरगाव. 'मुक्काम करा, तालुक्याच्या सुरुवातीलाच' (३): राहाता. 'घराचे वासे काढून ने, ज्ञानेश्वरीची जागा मोकळी होईल' (३): नेवासे. हा जमल्यावर मी घरात दोन फेऱ्या मारल्या.

'कर्ज काढलं, हाताला शेवटी काय लागलं?' (३) हा कर्जतचा. कर्ज, आणि हातातलं शेवटचं अक्षर. तो करताना मला मजा वाटत होती. लिहून झाल्यावर वाचला तेव्हा तितकी वाटली नाही.

राहुरीवर मात्र भांडण झालं. 'ग्रहण लावणाऱ्याला री ओढायला लावलं, तर कृषी विद्यापीठ निघालं' (३). बायको म्हणाली, "राहू दीर्घ. राहुरीतला हु ऱ्हस्व. बाद." मी म्हटलं, कोड्यात एवढं चालतं. ती म्हणाली, कोड्यातच चालत नाही. पाथर्डी आणि श्रीगोंद्याने तर मला अजून दाद दिलेली नाही. आणि खुद्द जिल्ह्याचं गाव? अहमदनगर होतं तेव्हा सात घरं लागत, अहिल्यानगर झाल्यापासून सहा. जुन्या आखणीत एक चौकोन काळा करावा लागतो. स्टँडवर मात्र कंडक्टर पूर्वीही ओरडायचा आणि आजही ओरडतो ते तीन घरांतच मावतं.

आता थोडं विषयांतर करतो. थोडं म्हणजे माझ्या मापाने. नगरला हे कोड्यांचं वेड नवं नाही. ज्याच्या इतिहासावाचून दख्खनच्या सुलतानांवर कोणाला लिहिता येत नाही तो फरिश्ता विजापूरला जाण्याआधी इथेच, नगरच्या निजामशाहीत वाढला. त्याचे वडील गुलाम अली हिंदूशाह. हिजरी ९६१ साली, म्हणजे इसवी सनाच्या १५५३-५४मध्ये, नगरचा बुऱ्हाण निजामशाह, गुजरातचा महमूदशाह आणि दिल्लीचा इस्लामशाह सूर असे तीन राजे पाठोपाठ गेले. वडिलांनी त्यावर दोन शब्दांत साल बांधलं: जवाल-ए-खुसरवान. राजांचा अस्त. फारसीत प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. मी लाइटबिल उलटं केलं आणि बेरीज मांडली. ज़े ७, वाव ६, अलिफ १, लाम ३०: झाले ४४. मधला ए लिहिलाच जात नाही, त्याला किंमत नाही. खे ६००, सीन ६०, रे २००, वाव ६, अलिफ १, नून ५०: झाले ९१७. एकूण ९६१. बिलाच्या पुढच्या बाजूचा आकडाही त्या क्षणी मला सुंदर वाटला.

विचार करा. अर्थ बरोबर, अक्षरं बरोबर, बेरीज बरोबर, आणि दोन शब्दांच्या बाहेर एक वेलांटीही सांडलेली नाही. आमचे संस्कृतवाले हेच आकड्यांऐवजी वस्तू ठेवून करत. चंद्र म्हणजे एक, नेत्र दोन, वेद चार, बाण पाच, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. मी लगेच ज्ञानेश्वरीचं साल बांधलं: नेत्र-चंद्र-नेत्र-चंद्र. शके १२१२. हौशी माणसाने चुकून डावीकडून वाचलं तर २१२१ येतात, म्हणजे ज्ञानेश्वरी व्हायला अजून पावणेदोनशे वर्षांच्या आसपास अवकाश आहे. बायकोने विचारलं, "पण तीन राजे कधी गेले ते तेव्हा सगळ्यांना माहीतच होतं ना? मग लपवलं कशाला?" प्रश्न चांगला होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

उत्तर आमच्या घरातच होतं, माझ्या आजीपाशी. शेवगाव तालुक्यातल्या तिच्या पिढीच्या सगळ्या बायकांसारखी तीही नवऱ्याचं नाव घेत नसे. एका रंगपंचमीला घरची मंडळी मढीला कानिफनाथांच्या यात्रेला गेली. गाढवांचा बाजार भरलेला, आजोबांना जनावरांचं वेड, गर्दीत ते दिसेनासे झाले. माझे वडील तेव्हा तिच्या पदराला धरून चालण्याएवढे. ती तडक भोंगेवाल्याच्या मांडवात गेली. तो म्हणाला, "बाई, नाव सांगा." ती म्हणाली, "दोनाच्या अलीकडचा आकडा काय आसतो? त्याला पोथीत नवऱ्याला म्हंत्यात ते जोडा. आन् उद्या पैठणात षष्टी कुनाची? झालं तर मग."

बघा, एकेक तुकडा बघा. आकडा आणि नवरा जोडला की नाव, आणि षष्ठीच्या उत्सवावरून पुन्हा तेच नाव. एका टोकाला अर्थ, दुसऱ्या टोकाला अक्षरं. टॉर्केमाडाने टोपी काढली असती. भोंगेवाल्याच्या मागे पोरं हरवलेल्या बायांची रांग लागलेली. त्याने वैतागून ती जे बोलली ते तसंच्या तसं भोंग्यावरून सांगून टाकलं. हसण्याची एक लाट मांडवापासून गाढवांच्या बाजारापर्यंत गेली म्हणतात. थोड्या वेळाने त्या नावाचे तीन पुरुष हजर झाले. पहिल्या दोघांना तिने तोंडाला पदर लावून परत पाठवलं. तिसरे आजोबा. ते म्हणाले, "सगळ्या यात्रेत नाव घेतलंस की." ती म्हणाली, "कुठं घेतलं?"

वडील ही गोष्ट सांगून हसायचे. मीही चारचौघांत सांगतो, आणि हशा घेतो. पण अलीकडे सांगता सांगता मी चिडतो. आजोबा गेले तेव्हा दाखल्यासाठी नाव विचारायला माणूस आला, तेव्हाही तिने भिंतीवरच्या एकनाथी भागवताच्या पोथीकडे बोट केलं होतं. रडत होती आणि बोट करत होती. ज्या माणसाबरोबर सगळा जन्म काढला त्याला एकदा नावाने हाक मारावी एवढीही मोकळीक ज्या रीतीने तिला दिली नाही, तिचं मी कौतुक काय करतो? आणि तिचं स्वतःचं नाव? लग्नात बदललेलं आम्हांला माहीत आहे. माहेरचं, आई-बापाने ठेवलेलं, आम्हां नातवंडांपैकी एकालाही ठाऊक नाही. कोणी तिला विचारलं नाही. त्याचा क्लू तिने ठेवलेला नाही.

हे मी लिहून बायकोला वाचायला दिलं. तिने शांतपणे वाचलं. ती मला "अहो" म्हणते. माझं नाव घ्यायला आता कोणाची बंदी नाही, पण सवय. कागद परत देताना तिने त्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहून दिली: 'मिरवणुकीत सगळ्यात पुढे कोण असतं?' (१)

मी ढोल म्हणालो, घोडा म्हणालो, पालखी म्हणालो. "एकच घर आहे," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. जेवण झालं, पेपर वाचून झाला, आणि दुपारी डोळा लागता लागता मला ते दिसलं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

"हा क्लू बाद आहे," मी म्हटलं. "मिरवणुकीतला मि ऱ्हस्व आहे. 'मी' दीर्घ असतो."

"ते मला काय सांगता," ती म्हणाली, "रोज बघते."