जाणाऱ्यांचं कॉलेज

अर्ज करील त्याला प्रवेश मिळतो, ते कॉलेज कसलं? कट-ऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही, तिसऱ्या फेरीची धाकधूक नाही, मामांच्या ओळखीतला ट्रस्टी नाही. बे एरियात नव्याने आलेली मराठी मंडळी कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचं नाव ऐकून नाक मुरडतात ती याचमुळे.

कॅलिफोर्नियाने 1960 साली उच्च शिक्षणाची रीतसर वाटणी केली. शाळेतून निघालेल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तिसऱ्या हिश्शासाठी स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेजं सगळ्यांसाठी. या 'सगळ्यां'त कोण नसतं? आमच्या संध्याकाळच्या अकाउंटिंगच्या वर्गात रात्रपाळीला निघालेला सिक्युरिटी गार्ड होता, पोराला आईकडे सोपवून आलेली एक मुलगी होती, आयुष्यभर दुकान चालवून आता हिशेब शिकणारे एक आजोबा होते, आणि नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, बी. कॉम.ची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपणारी मी.

या गर्दीला सांभाळतात ती काउंटरमागची माणसं. प्राध्यापकांचे आभार सगळेच मानतात, मानावेतही. पण कुठला विषय घेतला तर बर्कलीला चालतो आणि सॅन होजेला चालत नाही, हे काउन्सेलरच्या जिभेवर असतं. एक विषय चुकला की पुढचं सगळं गणित लांबतं. आर्थिक मदतीचा अर्ज भरताना बापाचं उत्पन्न विचारलं की मुलं गप्प होतात. तिथली बाई तेवढ्यात स्टेपलर शोधायला लागते. स्टेपलर समोरच असतो. खिडकीपलीकडून 'उद्या या' ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला हा प्रकार संशयास्पदच वाटायचा. एवढं गोड बोलतायत म्हणजे फॉर्म नक्की हरवला असणार!

आणि या माणसांचं यश कशात, तर आपण लवकर इथून जाण्यात. 'ट्रान्सफर' हा तिथला परवलीचा शब्द. दोन वर्षं घासूनपुसून तयार केलेला मुलगा मोठ्या विद्यापीठात जातो, तिथला स्वेटशर्ट घालतो, आणि लग्नाच्या बायोडेटात 'शिक्षण : यूसी बर्कली' एवढंच उरतं. एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरला गाडी सुटल्यावर कोणी हात हलवत नाही, तसंच हे. ॲपलचे स्टीव्ह वॉझ्निॲकही डी अँझात शिकून गेले, पण आपल्याकडे त्यांच्या नावापुढे ते कोणी जोडत नाही. टॉम हँक्स हा त्यातल्या त्यात सज्जन अपवाद. हेवर्डच्या शॅबो कॉलेजात तो 1970 च्या दशकात शिकला आणि 2015 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून त्याने ते ऋण जाहीर कबूल केलं. दोन ऑस्कर मिळाल्यावर कबूल करायला सोपं जातं म्हणा. पण तेवढंही कितीजण करतात?

आपल्याकडे निदान आभारप्रदर्शन असतं. लोक चहाकडे पळत असले तरी मंडपवाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत कोणी सुटत नाही. ही परंपरा आमच्या शेजारच्या काकूंनी थेट काउंटरवर नेली. मुलाला बर्कलीत प्रवेश मिळाल्यावर त्या पेढे घेऊन गेल्या. काउंटरवरच्या बाईंना मुलगा आठवेना; रोज इतके चेहरे समोरून जातात, आठवणार तरी कसा? काकूंनी फोनमधला फोटो दाखवला, अगदी मुंजीतला. बाई हसल्या, पेढा खाल्ला, दुसरा रुमालात बांधून घेतला, आणि काकूंनाच विचारलं, "तुम्ही कशाला नाव नोंदवताय?"

काकू आता दर मंगळवारी सिरॅमिक्सच्या वर्गाला जातात. त्यांचे वाडगे एका बाजूला कलतात, पण त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्यांना कुठेच ट्रान्सफर व्हायचं नाही, या एकाच गोष्टीने काउन्सेलर जरा बेचैन आहे.