वास्तुशांतीआधी राहायला कसे जावे

पायथनचा प्रोजेक्ट रीतसर इन्स्टॉल करणे म्हणजे वास्तुशांत. ती करायला हवी, हे सर्वांना मान्य असते. मुहूर्त मात्र दिवाळीनंतरचा निघतो. तोवर अर्धवट घरात स्टोव्ह पेटवून चहा करणाऱ्यांसाठी हे नियम. आळशीपणाचा दीर्घ अनुभव, एवढीच प्रस्तुत लेखकाची पात्रता.

नियम १. आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावे.

प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात उभे राहून आतल्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरातली फाइल थेट चालवली, की पायथन मॉड्यूल शोधायला आधी त्या 'स्क्रिप्ट्स'मध्ये शिरतो. तुम्ही उभे आहात तिकडे ढुंकूनही पाहत नाही. मग शेजारच्या खोलीतले 'युटिल्स' त्याला सापडत नाही आणि 'मॉड्यूल नॉट फाउंड'ची बोंब होते. उपाय: 'पायथन डॅश एम स्क्रिप्ट्स डॉट रिपोर्ट'. आता शोध तुमच्या पायाखालून सुरू होतो. मध्ये तिरकी रेघ नाही, टिंब. शेवटी 'डॉट पीवाय' नाही. ते शेपूट मी अजूनही लावतो आणि अजूनही एरर खातो.

नियम २. स्वतःच्या फाइलीला 'रँडम' किंवा 'लॉगिंग' नाव ठेवू नये.

पायथन आधी घरच्याला हाक मारतो. खरा 'रँडम' दाराबाहेर ताटकळतो.

नियम ३. 'सिस डॉट पाथ डॉट इन्सर्ट' ही ओळ फाइलीच्या डोक्यावर चिकटवू नये.

हे मी उपदेशक म्हणून नव्हे, आरोपी म्हणून सांगतोय. दुसऱ्या दिवशी डेमो होता. रात्री मी माझ्या लॅपटॉपवरचा अख्खा पत्ता, माझ्या नावाच्या होम फोल्डरासकट, त्या ओळीत कोरला. चाललं. वर 'तात्पुरते' अशी कॉमेंटही टाकली. वर्षभराने टीममध्ये एक नवी मुलगी आली. तिच्याकडे काही केल्या कोड चालेना. दोन दिवस बिचारीने कोणाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळं सुरळीत. कसं केलंस, म्हटलं. तर म्हणाली, "सर, माझ्या मशीनवर तुमच्या नावाचं फोल्डर केलं आणि कोड त्यात ठेवला."

माझ्या स्वतःच्या घरावर माझ्या नावाची पाटी नाही. वडिलांची आहे.

नियम ४. 'पायथनपाथ' टर्मिनलपुरता लावावा. शेलच्या सेटिंगमध्ये कायमचा गाडू नये.

सहा महिन्यांनी भलत्याच प्रोजेक्टला जुन्या प्रोजेक्टचे 'युटिल्स' सापडते. भूत बाहेरचे नाही, आपणच पुरलेले आहे.

नियम ५. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करावे.

'व्हेन्व्ह' 2012 पासून, म्हणजे पायथन 3.3 पासून, पायथनसोबतच मिळते. डेबियन 12 वर तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप काही घालूच देत नाही. हट्टच केला तर जो पर्याय द्यावा लागतो, त्याचे नाव 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' आहे. इतके स्पष्ट नाव वाचूनही तो देणाऱ्याला काय सांगणार, कपाळ?

नियम ६. शेवटी वास्तुशांत करून टाकावी.

हे सांगणे लेखकाच्या जिवावर येत आहे. 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल'मध्ये चार ओळी लिहाव्यात आणि 'पिप इन्स्टॉल डॅश ई डॉट' म्हणावे. शेवटचे टिंब विसरू नये. त्याचा अर्थ 'हेच घर'. यात कोड कुठे हलत नाही, पायथनला फक्त पत्ता कळतो. पुढे कोड बदलला तरी पुन्हा इन्स्टॉल करावे लागत नाही. नवी डिपेंडन्सी किंवा नवी कमांड जोडली तर मात्र ती आज्ञा पुन्हा द्यावी.

हे सगळे मी केले नाही. त्या मुलीने केले, चहा निवायच्या आत. मग माझी ती ओळ पुसली आणि कमिटवर लिहिले: 'सरांचा पत्ता कट.'

रिव्ह्यू माझ्याकडेच आला. मी मंजूर केला.