गुरुवर्य, पासवर्ड काय होता?

मशिनच्या स्क्रीनचा प्रोग्राम लिहून, त्याला कुलूप लावून अंतर्धान पावलेल्या प्रोग्रामरसाहेबांस,



आपला फोन लागत नाही. आपल्या जुन्या कंपनीत विचारलं तर 'ते सोडून गेले' एवढंच कळतं. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहावं लागतंय. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. चार वर्षांपूर्वी आपण आमच्याकडे नग धुण्याचं एक एसपीएम, म्हणजे त्या एकाच कामाचं खास मशिन, बसवून दिलंत. कन्व्हेअर, गरम पाण्याची टाकी, पंप आणि कंट्रोल पॅनलच्या दारावर सात इंची टचस्क्रीन. आठवलं का? नसेल आठवत. आम्हाला मात्र आपली रोज आठवण येते, रात्रपाळीला जरा जास्तच. तक्रार करायला लिहीत नाही. गुरुपौर्णिमा जवळ आली आहे, आणि एचएमआय, म्हणजे मशिनची स्क्रीन, या विषयात मला जे काही येतं ते सगळं आपल्या कृपेने. आभार मानायचे राहून गेले होते.

ट्रायलचा दिवस डोळ्यांसमोर आहे. स्क्रीन चालू केली आणि आपल्या कंपनीचा लोगो गरगर फिरत बाहेर आला. मागे निळ्याचं जांभळं होत जाणारं आकाश, पंपाची पाती फिरतायत, थेंब टपटप पडतायत. आमचे साहेब खूश, पेढे वाटले गेले. या विषयातले जाणकार वर्षानुवर्षं सांगत आलेत की पार्श्वभूमी करडी ठेवा आणि भडक रंग बिघाडासाठी राखून ठेवा, म्हणजे रात्री तीन वाजता पेंगुळलेल्या डोळ्यालाही काय बिघडलंय ते एका नजरेत दिसेल. अमेरिकेत तर 2015 साली आयएसए 101 नावाचं मानकच निघालं, मशिनची स्क्रीन कशी असावी याचं. पण आपल्यासारख्या कलावंताला असली रुक्ष बंधनं कशी मानवणार? आपली स्क्रीन ज्यांना आवडायला हवी होती त्यांना आवडली. बिल पास झालं. ते साहेब त्यानंतर त्या मशिनपाशी फिरकलेले नाहीत.

पहिला धडा पहिल्याच महिन्यात मिळाला. रोज चौदाशे नग निघतात. चोविसाव्या दिवशी एकूण उत्पादनाचा आकडा 32767 वर गेला आणि पुढचा नग पडताच उणे 32768 झाला. मशिनने धुतलेले नग परत मळवायला घेतले की काय, असा प्रश्न प्रॉडक्शनवाल्यांनी विचारला. त्या रात्री मी शिकलो की चिन्ह धरणाऱ्या सोळा बिटांच्या रजिस्टरमध्ये 32767 हून मोठा आकडा मावत नाही, आणि जिथे मोजणी वाढत जाणार तिथे बत्तीस बिटांचं घ्यायचं असतं. आपल्यालाही ते ठाऊक असणारच. शिष्याने स्वतः शोधावं म्हणून आपण सांगितलं नसेल.

दुसरा धडा जरा महाग पडला. एका रात्री पंपाचा ओव्हरलोड रिले ट्रिप झाला. पंप बंद, पाणी बंद, कन्व्हेअर चालू. स्क्रीनवर मात्र हिरवागार दिवा: पंप चालू. दोन तास नग कोरडेच पुढे गेले आणि सकाळी तपासणीत सापडले. मग कळलं की आपण तो दिवा पीएलसीच्या, म्हणजे मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, आउटपुटला जोडला होता. पंपाला 'चाल' असा हुकूम गेला, एवढंच तो सांगत होता. पंपाला खरंच वीज जातेय का, हे सांगायला कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टची एक वायर इनपुटला आणावी लागते. आपण ती वाचवलीत. हुकूम सुटला म्हणजे काम झालं, असं मानण्याची ही पद्धत आपण कुठल्या सरकारी खात्यात शिकलात?

आपल्याला थोर पूर्वज आहेत, हेही सांगतो. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात, थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात, दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद झाल्यासारखा दिसत होता, कारण तो व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा सिग्नल गेला, इतकंच त्याला माहीत होतं. ऑपरेटरांनी दिव्यावर विश्वास ठेवला. दोन तासांहून अधिक वेळ पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा जवळजवळ अर्धा वितळला. आमचे फक्त नग मळके राहिले. आपले उपकारच म्हणायचे.

तिसरा धडा अलार्मचा. हवेचा दाब उतरला की आपल्या स्क्रीनवर एकदम एकतीस अलार्म येतात. 'फॉल्ट 12', 'फॉल्ट 19', 'फॉल्ट 47'. नावं नाहीत, नुसते नंबर, कैद्यांसारखे. मूळ कारण एक, बाकी तीस त्याची पिलावळ, पण पहिला कुठला ते कळायची सोय नाही. 24 जुलै 1994 ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते. इतके अलार्म वाजले की एकही न वाजल्यासारखंच होतं. आमच्या रात्रपाळीच्या मामांनी यावर उपाय काढला. स्क्रीनच्या कडेला मास्किंग टेप लावून मार्करने लिहिलं: '47 आला तर हवा बघ. बाकीचे सोड.' दुसऱ्या टेपवर: 'आधी हे दाब, मग ते. उलटं केलं तर अडकतं.' गुरुवर्य, आपल्या मशिनचा खरा एचएमआय तो टेप आहे. त्याला पासवर्ड नाही आणि तो मराठीत आहे.

स्क्रीनवर आपण काढलेलं ते भलंमोठं तांबडं 'इमर्जन्सी स्टॉप' बटणही विसरलो नाही. इमर्जन्सी स्टॉप हे हाताने ठोकता येणारं, पिवळ्या पार्श्वभूमीवरचं तांबडं मश्रूम बटण असतं आणि त्याची वायर प्रोग्रामच्या भरवशावर सोडलेली नसते. स्क्रीन हँग झाली तर माणसाने काचेला हात जोडायचे का? ते खोटं बटण मामांनी टेपखाली झाकून टाकलं.

आणि मग आपला महाप्रसाद. यंदा उन्हाळ्यात त्या स्क्रीनच्या पॅनलचा टच गेला. तसाच नवा पॅनल आणला, जुन्या खाचेत चपखल बसला, चालू केला तर कोरा. प्रोग्राम कुठे आहे? आपल्या लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप कुठे आहे? आपल्यापाशी. जुन्या पॅनलमधून काढावा तर 'पासवर्ड टाका'. पॅनलमध्ये उतरतो तो कंपाइल केलेला प्रोग्राम. काही कंपन्यांच्या पॅनलमधून मूळ प्रोजेक्ट परत काढताच येत नाही, काहींत काढता येतो, पण बनवणाऱ्याने ती वाट बंद केलेली नसेल तरच. आपण बंद केली होती. मशिनचे पैसे आम्ही दिले, चावी आपण खिशात घालून गेलात. घर विकून तिजोरीचा नंबर पाठ करून निघून जाणाऱ्याला आमच्याकडे जे म्हणतात, ते इथे छापता येणार नाही.

त्या दिवसापासून मी एकलव्य झालो. पुतळ्याऐवजी समोर आपला पासवर्डचा चौकोन होता, एवढाच फरक. शिकायला फार लागत नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. डेल्टाचं डॉपसॉफ्ट, वाइनटेकचं ईझीबिल्डर प्रो ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि त्यांत सिम्युलेटर असतो, म्हणजे पॅनल विकत न घेता घरच्या कॉम्प्युटरवर बटणं दाबून बघता येतात. एक बटण, एक दिवा, एक आकडा, एवढ्यापासून सुरुवात केली. मग अलार्म, मग रेसिपी, मग ट्रेंड. पीएलसीतला प्रोग्राम तेवढा बाहेर काढता आला, पण एकाही ओळीला शेरा नव्हता. मशिनवरचं एकेक बटण दाबायचं, कुठला बिट हलतो ते मॉनिटरवर बघायचं आणि वहीत लिहायचं, असे तीन रविवार गेले.

पहिल्या दिवशी टाकीचं तापमान 1842 अंश आलं. मी पळत जाऊन टाकीत डोकावलं, पाणी उकळतही नव्हतं. मॉडबस या मशिनांच्या संवादभाषेत 40001 म्हणजे प्रत्यक्षात शून्य क्रमांकाचा पत्ता असतो. काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात, काही एकपासून. मी एक घर चुकून शेजारच्या रजिस्टरमधले नग वाचत होतो. पत्ता सुधारल्यावर तापमान 652 झालं. दशांश चिन्ह द्यायचं राहिलं होतं, 65.2 अंश. आता या दोन चुका मी झोपेतही ओळखतो.

पॅनल निवडायलाही आपणच शिकवलंत. आधी आम्ही इंच आणि रंग बघायचो. आता विचारतो: तेलकट हातमोजे घालून चालेल का? दाबावर चालणारा रेझिस्टिव्ह टच चालतो, मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह नेहमी चालतोच असं नाही. समोरची बाजू आयपी 65 आहे का, आमच्याकडे पाणी उडतं. आमच्या पीएलसीशी बोलेल का? सॉफ्टवेअर फुकट की लायसन्सचे वेगळे पैसे? देवनागरी नीट दिसते की जोडाक्षरं फुटतात? पाच वर्षांनी त्याच खाचेत बसणारा दुसरा मिळेल का? आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्याने: मूळ फाइल कोणाकडे राहणार?

हा शेवटचा प्रश्न आता आमच्या परचेस ऑर्डरमध्ये छापील आहे. मूळ प्रोजेक्ट, सगळे पासवर्ड, टॅगची यादी आणि कुठल्या व्हर्जनमध्ये काम केलं ते, एवढं हातात पडल्याशिवाय शेवटचे दहा टक्के मिळत नाहीत. आपल्या जातकुळीतले दोन-तीन जण ते वाचून नाराज झाले. बाकीच्यांनी मुकाट्याने पेन ड्राइव्ह काढून दिला. मशिन घेणाऱ्या प्रत्येक लहान कारखानदाराने ही एक ओळ आपल्या ऑर्डरमध्ये घालावी. पुढचा एकलव्य तरी तीन रविवार घरी राहील.

गुरुदक्षिणा द्यायची राहिली. अंगठा मात्र मागू नका, टचस्क्रीनला तो लागतो. त्याऐवजी नवी स्क्रीन बघायला या. पार्श्वभूमी करडी आहे, लोगो नाही, थेंब नाहीत. पंपाचा दिवा पंपाला खरंच वीज मिळाली तरच लागतो. हवा गेली की एकच ओळ येते: 'हवेचा दाब कमी. मागचा व्हॉल्व्ह बघा.' मामांनी ती वाचली, काही बोलले नाहीत, फक्त कडेचे टेप खरवडून काढले.

मूळ फाइल कंट्रोल पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला, पेन ड्राइव्हमध्ये, त्याच टेपने चिकटवली आहे. पासवर्ड त्याखालीच लिहिलाय.

आपला,
एक मेंटेनन्सवाला