पिसाच्या मनोऱ्याला हातभार लावण्याची रीत

पिसाचा कलता मनोरा म्हणजे शेजारच्या कॅथेड्रलचे घंटाघर. उंची सुमारे 56 मीटर. तो पडू न देण्याची जबाबदारी एका दिवसाच्या सहलीला आलेल्या प्रवाशांकडे असते.

सकाळी फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकातून गाडी पकडावी. कागदी तिकिटावर आधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा. तिकीट काढले की झाले, हा गैरसमज तपासनीस तासाभराच्या प्रवासात सहज दूर करतो. पिसा सेंत्रालेला उतरून, आर्नो नदी ओलांडून पायी मनोऱ्यापाशी जाता येते.

पोहोचताच हात वर करू नयेत. आधी सोबतच्या एखाद्या सोशिक नातेवाइकाच्या हाती मोबाइल द्यावा. मनोरा दक्षिणेकडे कलतो, तेव्हा आधारही त्याच बाजूने द्यावा. उत्तरेकडून लावलेला हात मदत नसून ढकलणे ठरते. तळवा सपाट, कोपर किंचित वाकलेले, चेहऱ्यावर कष्ट. ‘‘अजून डावीकडे... अगं, वर... नको, होतीस तिथेच ये’’ हे बराच वेळ चालते. आजूबाजूला डझनभर माणसे अशीच हवेला टेकून उभी असतात. त्यांना हसू नये. पाळी आपलीही आहे.

खरा आधार द्यायला मात्र शतके लागली. 1173 मध्ये काम सुरू झाले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जाताजाता मऊ जमीन खचू लागली. लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षे रखडले आणि तेवढ्यात माती दबून घट्ट झाली. नाहीतर मनोरा तेव्हाच आडवा झाला असता, असे अभियंते मानतात. सरकारी दिरंगाईचे इतके चांगले फळ क्वचितच मिळते. पुढच्या गवंड्यांनी वरचे मजले उलट बाजूला झुकवले, म्हणून मनोरा कललेला आहे तसा वाकडाही आहे. मुसोलिनीच्या राजवटीत पायात सिमेंट ओतले, तर कल वाढलाच. अखेर 1990 मध्ये दार बंद करून उत्तरेकडची माती थोडीथोडी उपसली. साडेपाच अंशांचा कल चारवर आला आणि 2001 मध्ये दार उघडले.

वर चढायचे तर वेळ ठरलेले तिकीट आधीच काढावे. पिशव्या खालीच ठेवाव्या लागतात. अडीचशेहून अधिक झिजलेल्या पायऱ्यांवर कधी पाय जड पडतो, कधी उगीच हलका. वरून शहर छान दिसते. मनोरा तेवढा दिसत नाही, त्यामुळे फोटोच्या दृष्टीने ही चढण वाया जाते.

समोरचे बाप्तिस्मागृहही थोडे कलले आहे, पण त्याला कोणी हात देत नाही. आत निकोला पिसानोने 1260 मध्ये घडवलेले संगमरवरी प्रवचनपीठ निवांत पाहता येते. परतीसाठी सान रोस्सोरे हे जवळचे स्थानक सोयीचे. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक पाहून निघावे.